आमच्या मानशीचे दार कोण लावणार? (खाजन, उधाण आणि फुटलेला बांध)

बांधावरचा | रविवार, रात्री १०.१५

काल अमावास्या होती. दुपारचे बारा वाजत आले होते, पाऊस बारीक, वारा अजिबात नाही. आई डाळीला फोडणी देत होती आणि शेजारचा दादा अंगणातूनच ओरडला, "बांद फुटलो!" चपला शोधायलाही थांबलो नाही.

आमचे गाव तिसवाडीत, मांडवीच्या एका फाट्यावर. नाव लिहीत नाही, उद्या पंचायतीत लोकांची तोंडे बघायची आहेत. बांधावर पोचलो तेव्हा भगदाड हातभर होते. पंधरा मिनिटांत दोन माणसे आडवी झोपतील एवढे झाले. पाण्याचा आवाज मोठा नव्हता, हंडा कलंडल्यासारखा, पण न थांबणारा. कोरगुटाचे, म्हणजे खारे पाणी सोसणाऱ्या आमच्या भाताचे, मोड आलेले बी आठ दिवसांपूर्वी फोकले होते, हिरवी टोके नुकती वर आली होती. ती बघता बघता बुडाली आणि त्यावर शेवटे मासे उड्या मारू लागले. मी बोट बुडवून जिभेला लावले. खारट. उगीच लावले, माहीत होतेच.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून अडवलेली सखल शेतजमीन. बऱ्याच ठिकाणी ती भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे. बांधात एक दगडी चौकट असते, ती मानस. तिला लाकडी दारे असतात. भरती आली की बाहेरचे पाणी ढकलते, दार मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी ढकलते, दार उघडते. वीज नको, मोटर नको. फक्त दार नीट लागते की नाही हे बघणारा माणूस हवा. आमच्याकडे तोच नाही.

मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो. घेणाऱ्याला मासा आणि सुंगटे (कोळंबी) हवीत, म्हणून भरतीला दार दोरीने वर बांधून ठेवायचे, पाणी भरपूर आत घ्यायचे आणि ओहोटीला तोंडाशी जाळे लावायचे. दार उघडे राहिले की प्रवाह बांधाच्या पायथ्याची माती खात जातो. त्यात कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळे. मार्चमध्ये मी स्वतः एका बिळात कोपरापर्यंत हात घातला होता. संबंधित खात्याला फोटोसकट अर्ज दिला. पोच मिळाली, बाकी काही नाही.

गोव्यात आपत्ती कुठली असे विचारले तर लोक तौक्ते वादळ सांगतील. मे २०२१ मध्ये आमच्याकडेही माड पडले, चार दिवस वीज नव्हती. पण बांध टिकला. काल झाडाचे पानसुद्धा हलत नव्हते आणि अख्खे शेत गेले. याला आपत्ती म्हणत नाहीत, बातमीत दोन ओळीही येणार नाहीत.

कोणाच्या गावात असे झाले आहे का? आता लगेच काय करावे?

---

मळ्यातली | रविवार, रात्री १०.५०

वाचून पोटात कालवले. मी पणजीच्या मळ्यात राहते. इथे खाजन राहिले नाही, पण पाणी त्याची जागा विसरलेले नाही. पाट्टो, कदंबाचे बसस्थानक हे सगळे भराव घालून उभे आहे. भरती आणि पाऊस एकत्र आले की ओरेमच्या खाडीतले पाणी गटारातून उलटे वर येते. मग दुकानवाले दाराशी वाळूच्या गोण्या लावतात. तुमच्याकडे बांध, आमच्याकडे गोण्या. फरक एवढाच.

---

पुणेरी_पाहुणा | रविवार, रात्री ११.०५

सहानुभूती आहे, पण प्रश्न विचारतो. भात पिकवून एकरी किती उरते? बांधाची डागडुजी, मजुरी धरली तर तोटाच. एकदाची काँक्रीटची भिंत घाला, नाहीतर जमीन दुसऱ्या कामाला लावा. भावनेवर किती दिवस शेती करणार?

---

निवृत्त_ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ६.२०

पाहुण्यांना नंतर उत्तर देतो. आधी बांधावरचा, तुम्हाला.

आज आणि उद्या भगदाडाला हात लावू नका. सर्वांत मोठे उधाण अमावास्येच्या दिवशी नसते, एक-दोन दिवसांनी असते. म्हणजे कालच्यापेक्षा आजचे पाणी जास्त येईल. आता टाकलेली माती वाहून जाईल आणि माणूस घसरला तर निस्तरायचे कोणी? आज फक्त भगदाडाच्या दोन्ही कडांना माडाची खोडे किंवा बांबू ठोकून झावळ्या लावा, म्हणजे ते रुंद होणार नाही. खरे काम अष्टमीच्या भांगाला. तेव्हा भरती वर चढत नाही, तीन-चार दिवस मिळतात.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर मोठी भरती दिवसाउजेडी येते, हिवाळ्यात रात्री. देवाची कृपा म्हणा. मोठे पाणी चढते तेव्हा निदान माणूस दिसतो.

आणि मुरूम आणू नका. कंत्राटदार ट्रक भरून लाल मुरूम टाकतो, दिसायला झकास, पण पाणी त्यातून चाळणीसारखे जाते. खाजनातलाच निळा-काळा चिकट चिखल हवा. थर वीतभर, मध्ये पेंढा, पायाने तुडवायचा, मग पुढचा थर. नदीच्या बाजूला जांभा दगड कोरडाच रचायचा. सिमेंट नको. बांध बसतो, सरकतो, दगडही त्याच्याबरोबर सरकला पाहिजे. काँक्रीटची भिंत चिखलावर उभी राहते आणि काही वर्षांनी तिच्याखालून पाणी जाते. वरून सगळे ठीक, खालून पोकळ. अशा दोन भिंती मी स्वतः बांधून घेतल्या होत्या, म्हणून सांगतोय.

---

सत्तरीकर | सोमवार, सकाळी ९.१०

वरून येणाऱ्या पाण्याचेही बोलू. २२ आणि २३ जुलै २०२१ हे दोन दिवस आम्ही विसरणार नाही. म्हादई, म्हणजे तुमची मांडवीच, एका रात्रीत चढली. गांजे, सोनाळ, सावर्डे या पट्ट्यात घरे कोसळली. मुख्यमंत्री तेव्हा म्हणाले की १९८२ नंतरचा हा सर्वांत वाईट पूर. त्याच २३ तारखेला दूधसागर आणि सोनालीमच्या मध्ये दरड पडून रेल्वेगाडीचे डबे घसरले.

आमच्या घरात गुडघाभर गाळ होता. चार दिवस फावड्याने काढला, आणि आजही कपाटाच्या खालच्या कप्प्यातली कागदपत्रे उलगडली की लाल भुकटी पडते. आजोबांचे वापर-हक्काचे कागद त्यातच गेले.

मुद्दा असा की गांजेपर्यंत भरतीचा प्रभाव पोचतो, समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत. म्हणजे घाटातला पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले तर नदीला वाट उरत नाही. तुमच्या खाजनात ते पाणी पसरायला जागा होती. ती बुजवली की ते दुसरीकडे जाणार. कुठे, ते मळ्यातलीने सांगितलेच आहे.

---

पुणेरी_पाहुणा | सोमवार, सकाळी ९.४०

ठीक आहे, भिंत मागे घेतो. पण एकरी किती उरते हे कोणी सांगितले नाही.

---

बांधावरचा | सोमवार, दुपारी २.३०

ओव्हरसियरकाका, तुमचे ऐकले. दुपारचे पाणी खरेच कालच्यापेक्षा चार बोटे वर होते. कडांना बांबू लावले होते, एक बाजू टिकली, दुसरी थोडी गेली.

पाहुण्यांना: पैशात काही उरत नाही, खरे आहे. वर्षाचा तांदूळ घरचा असतो, पेजेला कोरगुट लागतो, गुरांना पेंढा मिळतो. ही जमीन बुडाली तर मागच्या वाड्यातल्या सात विहिरी खारट होतील, हे हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायचे ते तुम्हीच सांगा. आमची विहीर बांधापासून दीडशे पावलांवर आहे.

---

काणकोणी | सोमवार, दुपारी ४.००

आमच्याकडे २ ऑक्टोबर २००९. गांधी जयंती, सुट्टी, पावसाळा संपला अशी सगळ्यांची समजूत. काही तासांत एवढा कोसळला की डोंगर सुटले, तळपण आणि गालजीबाग नद्या गावात आल्या. पर्तगाळच्या मठात पाणी शिरले. आमच्या घरासमोरच्या उतारावरून दगड, झाडे, माती एकत्र येत होती आणि आवाज ट्रक रिकामा करतात तसा. शेजारच्या गोठ्यातली म्हैस नंतर भाताच्या शेतात सापडली. जिवंत होती, एवढेच समाधान.

तेव्हापासून आमच्या वाड्यावर एक पद्धत आहे. सलग दोन दिवस जोराचा पाऊस झाला आणि ओहोळाचे पाणी अचानक कमी झाले, किंवा चहासारखे लाल झाले, तर वरच्या घरांनी खाली यायचे. फोन, अलर्ट, कशाची वाट बघायची नाही. वर कुठेतरी दरडीने पाणी अडवलेय असा त्याचा अर्थ. ज्यांच्या घरामागे डोंगर कापून प्लॉट पाडलेत त्यांनी हे पाठ करावे. नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमाने परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जागा बुजवायला बंदी आहे, पण जेसीबीला वाचता येत नाही.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री ८.१५

काही ठोस गोष्टी. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. ऐकायला किरकोळ. पण आपल्याकडे उधाणात भरती-ओहोटीचा फरकच साधारण दोन मीटर, आणि बांधाचा माथा मोठ्या भरतीच्या वर हातभर ठेवलेला असतो. त्या हातभरातली वीत आधीच खर्च झाली आहे. शिवाय बांध दरवर्षी थोडा खचतो, म्हणजे दोन्हीकडून.

दुसरे, वादळे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासात १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. क्यार २०१९ च्या ऑक्टोबरात आले, कापणीच्या तोंडावर, आणि किनाऱ्याला न धडकताही भात आडवे केले. म्हणून 'वादळ गोव्याला लागत नाही' हे आपले जुने वाक्य जरा जपून वापरावे.

अवांतर: गोव्यात पाऊस इंचात का मोजतात? पेपरात 'वाळपईत सहा इंच' वाचले की मला दरवेळी २५.४ ने गुणावे लागते.

---

मळ्यातली | सोमवार, रात्री ८.२०

कारण शंभर इंच झाले की शतक झाले असे म्हणता येते. मिलिमीटरमध्ये ती मजा नाही.

---

कुळाचा_नातू | मंगळवार, सकाळी ७.४५

बांध कोणी राखायचा यावर सगळे गप्प आहेत, म्हणून लिहितो.

पूर्वी गावकरी म्हणजे कोमुनिदाद, गावाची सामूहिक संस्था, होती. जमीन तिची, लिलाव तिचा, बांधाचा खर्चही तिचाच. काम झाले नाही तर कोणाच्या दारात जायचे ते ठाऊक होते. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. माझ्या आजोबांना मिळाले म्हणून मी आज शिकून इथे लिहितोय, त्यामुळे त्या कायद्याला नावे ठेवणार नाही. पण १९७५ च्या नियमांनी बांधाची सामूहिक जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. कागदावर आजही आहे. आमच्या संघटनेची शेवटची सभा झाली तेव्हा मी शाळेत होतो. निम्मी कुळे आखातात किंवा पोर्तुगालात, उरलेल्यांच्या जमिनी पडीक. भाटकार (जमीनमालक) म्हणतो कुळाने करावे, कूळ म्हणते खात्याने करावे, खाते म्हणते संघटनेने ठराव द्यावा. आणि मानशीच्या लिलावाचे पैसे कुठे जातात हे विचारले की सभेतल्या सगळ्यांना अचानक घरची कामे आठवतात.

बांधावरचा, तुमच्या संघटनेचे अध्यक्ष कोण? हे आधी शोधा. ठरावाशिवाय मदतीचा अर्ज पुढे सरकणार नाही. आणि पडीक राहू देऊ नका. खारे पाणी तीन-चार वर्षे आत राहिले की खारफुटी उगवते, मग किनारी नियमन आणि वनकायदा लागतो आणि तुमचेच शेत तुम्हाला परत घेता येत नाही.

---

मानशीवाला | मंगळवार, दुपारी १.१०

वाचत होतो, राहवत नाही. मी बार्देशात मानस घेतो, दोन वर्षांपासून. आम्हाला चोर ठरवून मोकळे होऊ नका.

लिलावात बोली एवढी चढते की नियमाने दार चालवले तर पैसे वसूल होत नाहीत. चोणक आणि काळुंद्रे विकून तेवढे येतच नाहीत, हे बोली चढवणाऱ्या गावालाही माहीत असते. पैसे गाव घेते आणि दार तुटले की फळी मी माझ्या खिशातून बदलतो. मागच्या वर्षी तिन्ही फळ्या बदलल्या. दार बांधून ठेवणारे आहेत, नाही म्हणत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी दोनदा बांधले. मग बांधाजवळच्या म्हातारीने येऊन तिचे शेत दाखवले, वर मीठ पांढरे फुटले होते. ती ओरडली नाही, म्हणून जास्त लागले.

बोली कमी ठेवा, आणि दाराची चावी शेतकऱ्याच्या हातात द्या. पेरणी ते कापणी मानशीला आमचा हात नको. आम्ही तयार आहोत, लिहून घ्या.

---

डिचोलीकर | मंगळवार, दुपारी ३.३०

मानशीवाल्याला +१. हे असे कोणी कबूल करत नाही.

आमच्याकडचे दुखणे वेगळे. खनिजाच्या बार्जी (मालवाहू नावा) चालत तेव्हा त्यांच्या लाटा बांधावर आपटायच्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, लाटा थांबल्या, पण बांध पोखरायचा तो पोखरलाच. आता दुसरी धास्ती तिळारी धरणाच्या विसर्गाची. ऑगस्ट २०१९ मध्ये साळ गावात शेतेच्या शेते पाण्याखाली होती. धरण दोडामार्गला, पाऊस घाटात, पूर आमच्याकडे. विसर्ग होणार हा निरोप आधी कोणाच्या फोनवर येतो ते गावाने विचारून ठेवावे. आमच्या वाड्यावर एका दुकानदाराच्या फोनवर येतो, तो दुपारी झोपतो.

---

बांधावरचा | शुक्रवार, रात्री ११.००

चार दिवस लिहिता आले नाही. हकीगत सांगतो.

बुधवारी सभा झाली. अध्यक्ष सापडले. ते अध्यक्ष आहेत हे त्यांनाच माहीत नव्हते, ११ वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांचे नाव लिहिले होते. एकवीस जण आले. पहिला अर्धा तास २००३ साली कोणी कोणाची मेर फोडली यावर गेला. मग मानशीवाल्याचा प्रतिसाद मी मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या मानशीचा ठेकेदार मागे उभा होता. काही बोलला नाही, पण जाताना म्हणाला, "म्हजे दोन मनीस दितां." दोन माणसे देतो. ती त्याने खरोखरच पाठवली.

ठराव झाला, सह्या झाल्या, एका सहीवरून वाद झाला, तोही मिटला. चावीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. तिथे मला वाटत होते तेवढे यश नाही.

ओव्हरसियरकाका, चिखलाबद्दल एक प्रश्न. जवळचा सगळा आता खाऱ्या पाण्याखाली आहे. आतल्या पोंयीचा (खाजनातल्या तळ्याचा) काढला तर चालेल का?

---

निवृत्त_ओव्हरसियर | शनिवार, सकाळी ५.५०

चालेल, पण बांधाच्या पायथ्यापासून दहा-बारा पावले लांबून काढा. अगदी पायथ्याशी खड्डा केलात तर बांध त्यातच उतरेल. गोळा करून हातातून खाली टाका, फुटला नाही तर चिखल चांगला.

आणि बी पुन्हा टाकायची घाई नको. आधी दोन-तीन जोरदार पाऊस आत घ्या, ओहोटीला मानशीतून बाहेर सोडा, पुन्हा घ्या. मीठ असे धुवायचे. मग जिभेला लावून बघा, तुम्हाला ती सवय आहेच.

---

सत्तरीकर | शनिवार, सकाळी ८.३०

कोरगुटाचे बी मिळाले नाही तर जुने गोवेच्या आयसीएआर या कृषी संशोधन केंद्रात विचारा. त्यांनी कोरगुटातूनच निवडून 'गोवा धान' नावाचे खार सोसणारे वाण काढले आहेत. आणि मंगळवारी मी येतो. वाळपईहून पहिली बस. गाळ उपसायचा अनुभव आहे.

---

मळ्यातली | शनिवार, सकाळी ९.००

मी चिखल तुडवू शकणार नाही, गुडघे नाहीत. वीस माणसांची पातळभाजी आणि पाव घेऊन येते. पाहुण्यांना यायचे असेल तर पुण्याहून रात्रीची गाडी आहे.

---

पुणेरी_पाहुणा | शनिवार, सकाळी ९.२५

तिकीट काढले. टोमणे कमी करा.

---

बांधावरचा | बुधवार, रात्री ९.४०

तीन दिवसांत भगदाड बुजले. सव्वीस माणसे होती, त्यात सहा बायका, आणि चिखल तुडवण्यात त्यांच्याच पायांना लय होती. पाहुणे पहिल्या दिवशी कमरेपर्यंत रुतले, दोघांनी ओढून काढले. एक चप्पल बांधात आहे. ती तिथेच राहू दे म्हणाले.

मानशीच्या दाराची दोरी आम्ही कापून टाकली. ठेकेदारासमोरच.

---

निवृत्त_ओव्हरसियर | शनिवार, सकाळी १०.३०

उद्या पौर्णिमा. खरी परीक्षा उद्या-परवा. कोणीतरी बांधावर बसा.

---

बांधावरचा | सोमवार, दुपारी १२.२०

बांधावरूनच लिहितोय. पाऊस आहे, अक्षरे चुकतील. दार पावणेदहालाच मिटले, फळी चौकटीवर आपटली तो आवाज इथपर्यंत आला. पाणी वरच्या दगडाच्या वीतभर खाली आहे आणि अजून थोडे चढेल. नवा भाग कोरडा आहे.

जुन्या भागात, चिंचेच्या बाजूला, एका जागी पाझरतेय. करंगळीएवढे. कुर्लीच असणार. दादाने चिखलाचा गोळा केलाय, मला हाक मारतोय. जातो.